शेरा

आचारसंहिता लागली की तालुक्यातल्या बंदुका
सेलूच्या ठाण्यात जमा होतात.
मी मुद्देमाल कारकून, बक्कल नंबर सातशे एकोणीस.
माझ्याकडं लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर, सुतळीचा गुंडा,
मोजून आलेली लेबलं.
नाव, परवाना नंबर, बोअर, काडतुसं किती.
कारण मी लिहीत नाही, पण परवान्यावर वाचते :
जीवितास धोका.
जीवितास धोका.
पीक संरक्षण, रानडुकरे.
जीवितास धोका.

तोष्णीवाल शेठच्या पिस्तुलाच्या नळीत
खंडेनवमीच्या अक्षता निघाल्या.
जिनिंग सुरू झाल्यापासून एकदाही उडवलेलं नाही.
शेठ म्हणाले, नुसतं घरात असलं की झोप लागते.

संपत बोबडेंचं रिव्हॉल्व्हर मऊ चामड्यात आलं, अत्तराचा वास घेऊन.
विचारलं, साहेब, धोका कोणाकडून?
हसले. ज्याच्याकडं दुसरं आहे त्याच्याकडून.
दुसरं मी दुपारी जमा करून घेतलं.
त्याच्या मालकानंही हेच सांगितलं, फक्त चहा घेतला नाही.
दोन्ही एकाच कपाटात ठेवली, शेजारी शेजारी.
रात्रभर काही झालं नाही.

काझीचाचांची दुनळी निजामाच्या वेळची.
दस्त्यावरचे उर्दू आकडे चाचा वाचतात, मी लिहून घेते.
पोलीस ॲक्शनच्या साली अब्बांनी ही विहिरीत टाकली होती, म्हणतात.
भीतीनं टाकली, भीतीनंच काढली.
माझा चुलत आजा सांगायचा,
रझाकारात गढीवर एक भरमार होती म्हणून आपलं गाव राहिलं.
शेजारच्या गावात तीन होत्या.
ते राहिलं नाही.
हे मी चाचांना बोलले नाही. पावतीवर सही घेतली.

खालच्या फळीवर एक बंदूक आहे, ती जमा नाही, जप्त आहे.
हळदीच्या रात्री हवेत उडवलेली.
हवा म्हणजे गच्चीवर उभा राहून फोटो काढणारा
एकोणीस वर्षांचा पोरगा.
डीजेत कुणाला कळलंही नाही.
त्याचा कॅमेराही माझ्याकडंच, बॅटरी काढून ठेवलेला.
त्या परवान्यावरही तेच कारण होतं.
खरं ठरलं. जीव तेवढा दुसऱ्याचा.

आणि दर सोमवारी शेवंता काळदाते येते.
जमा करायला तिच्याकडं काही नाही.
दुधनेच्या वाळूवर तक्रार करणारा तिचा नवरा
पुलाखाली सापडला. तिची साक्ष व्हायची आहे.
रात्री आखाड्याजवळून बिननंबरची ट्रॅक्टरं जातात,
एक मुद्दाम थांबतं, लाइट चालू ठेवून.
परवान्याचा अर्ज करून दोन वर्षं झाली.
'अर्जदाराच्या जीवितास धोका असल्याचे दिसून येत नाही.'
सही साहेबांची. टाइप मी केलं होतं.

आमची जीप तिथं पोचायला पन्नास मिनिटं.
ओढ्याला पाणी असलं तर सकाळ.

ती कपाटाकडं बघते. इतक्या पडल्यात की,
एक द्या मला. निकाल लागला की वापस करते.
मी म्हणाले, चालवता येईल का?
विळा कुणी शिकवला होता, मॅडम?
मग बराच वेळ पंख्याकडं बघत बसली.
म्हणाली, पोरगी रात्री पाण्याला उठते.
अंधारात चाहूल लागली की मी हातात काय सापडंल ते धरते.
परवा वरवंटा होता. पोरगी 'माय' म्हणाली म्हणून थांबला.
सोमवारी वाटतं बंदूक पायजे.
मंगळवारी वाटतं, नको माय.
मग पुन्हा सोमवार येतो.

काय सांगणार होते मी?
एका कोऱ्या लेबलावर माझा नंबर लिहून दिला.
कधीही लावा. रात्रीसुद्धा.
आखाड्यावर रेंज नसती, ती म्हणाली.
तरी लेबल पदराच्या गाठीत बांधलं,
सुतळीसकट.

संध्याकाळी हिशेब जुळवला. बंदुका बरोबर.
काडतुसं बरोबर.
लेबल एक कमी.
शेरा लिहिला : खराब झाले.